डावा ब्रेक: एका दोन-आसनी विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी

लँडिंगनंतर धावपट्टी सोडून चरात गेलेलं हे विमान. अपघाताच्या चौकशी अधिकाऱ्यांची परवानगी आली, त्यानंतरच ते चरातून काढून हँगरमध्ये आणलं. आज एकही नट सैल केला नाही. फक्त फोटो, मापं आणि वैमानिकाशी बोलणं.

विमान किटवरून बांधलेलं, धातूचं, दोन-आसनी. इंजिन रोटॅक्स ९१२, तीन पात्यांचा कंपोझिट प्रॉपेलर. पुढचं चाक मोकळं फिरणारं आहे, म्हणजे ते रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) जोडलेलं नाही. जमिनीवर विमान वळवायचं ते रडरने, आणि वेग कमी झाला की एका बाजूचा ब्रेक दाबून. सिरस एसआर २२, डायमंड डीए ४०, ग्रमन एए-५ या विमानांतही हीच रचना आहे. रचना साधी, हलकी आणि चांगली आहे. पण तिच्यात ब्रेक हा थांबण्याचा भाग असतो, तसाच सुकाणूचाही भाग असतो. या प्रकरणात हे पहिल्यापासून डोक्यात ठेवायला हवं.

वैमानिकाने सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत: "वारा उजवीकडून होता, फार नाही. चाकं नीट टेकली. वेग तीस नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किमी) खाली आला तसं नाक उजवीकडे सरकायला लागलं. डावा रडर पूर्ण दिला, पुरेना, म्हणून डावा ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. परत दाबलं, तरी तेच. उजवा ब्रेक चांगला होता, पण तो लावला असता तर अजून उजवीकडेच गेलो असतो."

विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि नोजव्हील निचऱ्याच्या चरात अडकलं. चर येण्याआधी त्यांनी दोन्ही इग्निशन आणि इंधनाचा कॉक बंद केला होता. दोघांपैकी कोणालाही इजा नाही. त्या दोन-तीन सेकंदांत त्यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

नुकसान: नोज लेग (पुढच्या चाकाचा पाय) मागे दुमडलेला, फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीचा) खालचा एक तृतीयांश भाग चुरगळलेला, दोन पाती मुळापासून तुटलेली, खालचं काउलिंग (इंजिनावरचं आवरण) फुटलेलं. पंख, शेपटी, मुख्य चाकांचे पाय वरकरणी ठीक.

१५ जानेवारी

चाकांवरचे फेअरिंग (हवेचा रोध कमी करणारी आवरणं) काढले. उजवं आतून कोरडं, थोडी धूळ. डाव्याच्या आत तळाशी लालसर काळा लगदा साचलेला: ब्रेकचं तेल आणि लायनिंगची (डिस्कवर घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराची) भुकटी. काही थर वाळून पापुद्र्यासारखे झाले होते आणि त्यांच्यावर ताजं ओलं तेल होतं. म्हणजे गळती त्या दिवशी सुरू झालेली नाही. बराच काळ थोडंथोडं तेल जात होतं आणि फेअरिंग ते पोटात घेत होतं. फेअरिंग नसतं तर जमिनीवर लाल थेंब पहिल्याच दिवशी दिसला असता.

मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलावर दाब आणणारे) दोन आहेत, प्रत्येक ब्रेकला एक, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची छोटी तेलटाकी. उजवी भरलेली. डाव्या टाकीच्या तळाशी जेमतेम ओल. या टाक्या पेडलच्या मागे, पॅनेलखाली आहेत. पातळी बघायची तर जमिनीवर आडवं पडून, टॉर्च तोंडात धरून, पाना लावून बूच काढावं लागतं. उड्डाणापूर्वी हे कोणीही करणार नाही, आणि कोणी करावं अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

१७ जानेवारी

आजचा दिवस डाव्या कॅलिपरचा, म्हणजे पिस्टनने लायनिंग डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा.

बाहेरून: कॅलिपरचा रंग पिस्टनच्या बाजूला तपकिरी पडलेला. डिस्कवर निळसर झाक, उजव्या डिस्कवर तशी नाही. लायनिंग तेलाने भिजून वरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. जाडी मात्र मर्यादेच्या आत आहे. केवळ जाडी मोजून पुढे जाणाऱ्याला इथे सगळं ठीकच दिसलं असतं.

खोलण्याआधी एक चाचणी करून घेतली, आणि सगळ्या दुरुस्तीत ही सर्वांत महत्त्वाची ठरेल असं वाटतं. टाकीत तेल भरलं, हवा काढली, पेडल जोराने दाबून धरलं. घट्ट. कॅलिपर कोरडा. मग पेडल सोडून अगदी हलक्या पायाने, टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) ठेवतो तितक्याच दाबाने, धरून ठेवलं. थोड्या वेळात पिस्टनच्या कडेला लाल ओल आली, थेंब झाला, पडला. परत जोराने दाबलं की गळती थांबली!

पिस्टनभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचं, म्हणजे ओ-रिंगचं, काम कसं चालतं ते लक्षात घेतलं की हे कोडं सुटतं. रिंग खोबणीत थोडी दाबून बसवलेली असते. दाब नसताना किंवा कमी असताना रबराच्या स्वतःच्या लवचीकपणावर ती तेल अडवते. दाब वाढला की तेलच तिला खोबणीच्या भिंतीवर रेटतं आणि सील आणखी पक्कं होतं. उष्णतेने कडक होऊन चपटी झालेली रिंग लवचीकपणा गमावते, त्यामुळे हलक्या दाबाला ती हरते आणि जोराच्या दाबाला कशीबशी तगते.

आता नेहमीची तपासणी आठवा. इंजिन सुरू करण्याआधी आपण पेडल जोराने दाबतो, घट्ट लागलं की समाधान मानतो. ही रिंग त्या परीक्षेत दरवेळी पास झाली असणार, टाकीत तेल होतं तोवर.

पिस्टन बाहेर काढला. रिंगचा काप गोल असायला हवा, तो दोन बाजूंनी सपाट झालेला. बोटांत धरून वाकवली तर तडे गेले. उजवीकडची रिंग त्याच वयाची, पण अजून मऊ. म्हणजे केवळ वय हे कारण नाही. डावी रिंग भाजली आहे.

१८ जानेवारी

का भाजली? रात्री कागदावर हिशेब मांडला.

साधारण ६०० किलोचं विमान. ५० नॉट वेगाला त्याची गतिज ऊर्जा सुमारे २०० किलोज्यूल. टेकल्यापासून थांबेपर्यंत यातली बरीचशी हवेच्या आणि चाकांच्या रोधात जाते, उरलेली दोन ब्रेकमध्ये वाटली जाते. (वेग ६० नॉट धरला तर हाच आकडा २८५ च्या पुढे जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून जास्तीचे दहा नॉट घेऊन टेकणं ब्रेकला इतकं महाग पडतं.)

आता टॅक्सी. समजा विमान सरळ ठेवायला एकाच ब्रेकवर २० किलोभार, म्हणजे २०० न्यूटनच्या आसपास रोध सतत ठेवला. असं एक किलोमीटर गेलो तर झालेलं काम तेवढंच, २०० किलोज्यूल. एका लँडिंगची पूर्ण ऊर्जा, आणि तीही एकट्या चाकावर! लोखंडाची एक किलोची डिस्क धरली आणि उष्णता कुठेच गेली नाही असं मानलं तर तापमान ४०० अंशांनी चढतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, पण फेअरिंगच्या आत हवा खेळत नाही. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पलीकडे सतत राहिलं की कडक होऊ लागतं.

मग प्रश्न, डावाच का. या धावपट्टीवर वारा बहुतेक वेळा एकाच बाजूचा असतो, आणि उड्डाणाला जाताना लांब टॅक्सी करताना तो उजवीकडून लागतो. विमान शेपटीच्या उभ्या पंखामुळे नाक वाऱ्याकडे, म्हणजे उजवीकडे वळवायला बघतं. ते सरळ ठेवायला डावा ब्रेक. महिनोन् महिने, दर उड्डाणाला, तोच डावा ब्रेक.

लँडिंगच्या वेळीही वारा उजवीकडूनच होता. ज्या बाजूची गरज सर्वांत जास्त, नेमकी तीच बाजू झिजलेली. हा दुर्दैवी योगायोग नाही, दोन्हींचं कारण एकच आहे.

१९ जानेवारी

कॅलिपरच्या सरकत्या पिना बघितल्या. चिखल वाळून बसलेला, एका पिनेवर गंज. कॅलिपर हाताने सरकत नव्हता. म्हणजे पेडल सोडल्यावरही लायनिंग डिस्कला घासत राहत असणार. उष्णतेत ही भर.

पेडलचे स्प्रिंग पूर्ण मागे येतात का ते तपासलं. येतात. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण वर आला नाही तर टाकीकडे जाणारं भोक उघडत नाही, लाइनमध्ये दाब अडकून राहतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. इथे ते घडलेलं नाही, पण खात्री करून घेतल्याशिवाय कारणांच्या यादीतून ते काढता येत नव्हतं.

२२ जानेवारी

इंजिन उतरवून अधिकृत कार्यशाळेकडे पाठवलं. प्रॉपेलर फिरता असताना आपटला की गिअरबॉक्स उघडून तपासणं आणि क्रँकशाफ्ट सरळ आहे का ते मोजणं भागच. या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये गिअर आहेत, ९१२ यूएलएसमध्ये गुणोत्तर २.४३ ला १. धक्का आधी गिअरबॉक्स झेलतो. "हळूच लागलं होतं, चालतंय की" असं म्हणून कोणी इंजिन परत बसवायला निघाला तर त्याला अडवा.

२५ जानेवारी

हँगरमध्ये आलेला प्रत्येक जण एकच विचारतो: वैमानिकाने लँडिंग सोडून परत उड्डाण का नाही घेतलं?

तीस नॉटच्या खाली, फ्लॅप पूर्ण खाली, नाक धावपट्टीच्या कडेकडे वळलेलं. त्या क्षणी थ्रॉटल पुढे करून इंजिनाची पॉवर वाढवली असती तर विमान जास्त वेगाने चरात गेलं असतं. रडरचा जोर वेगाच्या वर्गाने घटतो. पन्नासला जो जोर असतो त्याचा पंचविसाला चौथा हिस्सा उरतो, आणि थ्रॉटल मागे असल्याने प्रॉपेलरचा झोतही नसतो. रडर संपतो आणि ब्रेकची गरज सुरू होते, तिथेच ब्रेक नव्हता.

वैमानिकाला दोष देऊन प्रकरण मिटवणं सोपं असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये अपघात चौकशीचा हेतू स्पष्ट लिहिला आहे: पुढचे अपघात टाळणं, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा तिचा हेतू नाही. छोट्या विमानांच्या वर्तुळात हे वाक्य फार कमी वेळा आठवलं जातं.

उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. ब्रेक गेला आहे हे हवेत असतानाच कळलं असतं का? हो, कळलं असतं. डाउनविंड लेगवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना, दोन्ही पेडल एकेक करून दाबायची. मऊ लागलं किंवा तळाला गेलं तर हातात वेळ असतो, उंची असते, इंधन असतं. मग लांब आणि रुंद धावपट्टी निवडता येते, आणि दिशा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: वारा खराब ब्रेकच्या बाजूने यायला हवा. डावा ब्रेक नाही, तर वारा डावीकडून घ्यायचा. मग नाक डावीकडे जाऊ पाहील आणि ते सरळ करायला उजवा ब्रेक लागेल, जो चालू आहे. चेकलिस्टमध्ये 'ब्रेक तपासले' एवढंच छापलेलं असतं आणि बहुतेक जण दोन्ही पेडल एकदम दाबून पुढे जातात. एकेक दाबली तरच एका बाजूचा दोष कळतो.

आणि पेडल दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होत असेल तर ब्रेक ठीक आहे असं समजू नये. लाइनमध्ये हवा आहे किंवा तेल कमी झालंय, एवढाच त्याचा अर्थ. वैमानिकाला विचारलं. मागच्या काही उड्डाणांत पहिल्या दाबाला डावं पेडल जरा खोल जायचं, दुसऱ्याला ठीक लागायचं, असं त्यांना आता आठवतंय. हे त्यांनी चौकशीतही सांगितलं.

२ फेब्रुवारी

फायरवॉलचा खराब भाग कापून काढला. नवा पत्रा निर्मात्याच्या दुरुस्ती-रेखाटनानुसार, रिव्हेटची ओळ तीच. नोज लेगचा माउंट सरळ करायचा नाही, नवाच मागवला.

९ फेब्रुवारी

ब्रेकचे सगळे सुटे भाग आले. काय बदलतोय आणि का:

ओ-रिंग चारही बदलल्या, दोन कॅलिपरच्या आणि दोन मास्टर सिलिंडरच्या. कॅलिपरसाठी निर्मात्याच्या यादीत फ्लुरोकार्बन रबराची रिंग पर्याय म्हणून दिली आहे, ती घेतली. ती सुमारे २०० अंशांपर्यंत तग धरते. फार थंडीत ती नायट्राइलपेक्षा लवकर कडक होते, म्हणून मास्टर सिलिंडरमध्ये नायट्राइलच ठेवली, तिथे उष्णता पोचत नाही.

कॅलिपरजवळची नायलॉनची नळी काढून टाकली. टोकाला ती मऊ पडून थोडी फुगली होती. रिंग टिकली असती तर पुढचा नंबर हिचाच होता. तिच्या जागी आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलच्या जाळीची होज.

तेल: आधी मिल-एच-५६०६ होतं, लाल खनिज तेल. त्याचा ज्वलनबिंदू (तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) कमी आहे, मानकात किमान ८२ अंश मागितलेला. तापलेल्या डिस्कवर ते ठिबकत होतं आणि आग लागली नाही, हे मोठंच नशीब. आता मिल-पीआरएफ-८३२८२ हे कृत्रिम तेल भरतोय. त्याचा ज्वलनबिंदू २०० च्या वर आहे आणि याच सीलना चालतं.

इथे एक इशारा लिहून ठेवतो, कारण हँगरमधल्या फळीवर मोटारीच्या ब्रेक तेलाची बाटलीही ठेवलेली दिसली. मोटारीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकॉलचं असतं. ते यात एक घोटभर जरी गेलं तरी नायट्राइलच्या रिंगा फुगून खराब होतात. उलट मोटारीच्या सीलमध्ये खनिज तेल गेलं तर तीही फुगतात. बाटली तिथून हलवली आणि दोन्ही टाक्यांच्या बुचांवर तेलाचं नाव कोरलं.

दोन टाक्यांऐवजी फायरवॉलवर एकच सामाईक, पारदर्शक टाकी बसवावी असा एक सल्ला आला. दिसायला सोपं, पण एका बाजूची गळती दोन्ही ब्रेक घेऊन जाईल. मी नको म्हटलं. त्याऐवजी दोन वेगळ्या छोट्या पारदर्शक टाक्या फायरवॉलवर, प्रत्येकीवर किमान पातळीची रेघ. काउलिंगचं तेल तपासायचं झाकण उघडलं की दोन्ही समोर दिसतील. निर्मात्याकडून लेखी होकार घेतला.

१० फेब्रुवारी

पिना साफ करून कोरडं वंगण लावलं. ग्रीस लावलं तर धूळ चिकटून पुन्हा तोच प्रकार. कॅलिपर आता एका बोटाने सरकतो.

१२ फेब्रुवारी

हवा काढणं. तेल वरून ओतून पेडल मारत बसलो तर बुडबुडे खाली जायला तयार नसतात. म्हणून कॅलिपरच्या खालच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या तोंडाला) पंप जोडून तेल खालून वर चढवलं. वर टाकीला पारदर्शक नळी, तिच्यात बुडबुडे येईनासे होईपर्यंत. उजवी बाजू लगेच झाली. डावी मऊच राहिली. शेवटी लाइन हाताने चाचपली तर सीटखाली एका ठिकाणी ती कमानीसारखी वर उचललेली सापडली, हवा तिथे अडून बसलेली. क्लँप हलवून लाइन सतत चढती केली, पुन्हा तेल चढवलं. आता पेडल पहिल्याच दाबाला घट्ट.

मग १७ तारखेची चाचणी: हलक्या दाबाने बराच वेळ धरून. कोरडं. पेडल जराही खाली सरकलं नाही. ही चाचणी आता या विमानाच्या वार्षिक तपासणीच्या यादीत लिहिली आहे.

६ मार्च

इंजिन परत आलं. गिअरबॉक्समध्ये भाग बदलले, क्रँकशाफ्ट मर्यादेत. नवा प्रॉपेलर, पात्यांचे कोन जुळवले. इंजिन चालवून कंप आणि तेलाचा दाब पाहिला, ठीक.

८ मार्च

नव्या लायनिंगला बैठक देणं. लायनिंगमधला चिकट पदार्थ उष्णतेने नीट पक्का होऊन पृष्ठभागावर पातळ चकाकी यावी लागते, त्याशिवाय पूर्ण पकड मिळत नाही. निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे थोडी पॉवर ठेवून, हलका ब्रेक लावून, धावत्या माणसाच्या वेगाने सुमारे ४५० मीटर. मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ दिलं. नंतर दोन्ही ब्रेक दाबून पॉवर वाढवली. विमान जागचं हललं नाही.

दोन्ही कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, ठरावीक अंशाला रंग कायमचा बदलणाऱ्या. फेअरिंग अजून बसवलेले नाहीत. बसतील तेव्हा खाली निचऱ्याचं भोक आणि बाजूला पट्टी दिसेल एवढी खिडकी असेल.

१० मार्च

वारा उजवीकडून, नेमका हवा होता तसा. वैमानिक आज पहिल्यांदा परत सीटवर. टॅक्सीची पद्धत आम्ही बसून ठरवली होती: टाचा जमिनीवर, पंजे पेडलच्या वरच्या भागापासून दूर. पॉवर कमीत कमी, कारण थ्रॉटल पुढे आणि ब्रेकही दाबलेला, ही जोडी डिस्कला सर्वांत जास्त तापवते. सरळ ठेवायला आधी पूर्ण रडर, तो पुरला नाही तर ब्रेकचा छोटा दाब, आणि लगेच सोडायचा.

पूर्ण लांबीची टॅक्सी जाऊन-येऊन केली. डावी डिस्क उजवीपेक्षा गरम होती, ते या वाऱ्यात होणारच. पण सर्वांत खालच्या अंशाचीही पट्टी बदललेली नाही. टाक्यांची पातळी रेघेवर, दोन्ही सारख्या.

राहिलेली कामं: नोज लेगच्या बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासून सेफ्टी वायर, फेअरिंगच्या खिडक्या कापणं, वजन आणि तोल नव्याने मोजणं, चेकलिस्टमध्ये 'डावा ब्रेक, उजवा ब्रेक' अशा दोन वेगळ्या ओळी छापून घेणं. कागदपत्रं तपासणी अधिकाऱ्यांकडे गेली आहेत. त्यांची सही आली की चाचणी उड्डाण. ते वैमानिक स्वतःच करणार आहेत.